खालची गाडी

आमच्या सासऱ्यांना उघडं काही बघवत नसे. डब्याला झाकण, झाकणावर फडकं, फडक्यावर रबर. खिडक्यांच्या फटींत वर्तमानपत्राच्या सुरळ्या ठासलेल्या. टूथपेस्टचं टोपण कुणी उघडं टाकलं की सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "हवा लागते त्याला!" हवा लागून टूथपेस्टचं काय वाईट होतं, ते मला आजतागायत कळलेलं नाही. गल्लीतले लोक त्यांना पाठीमागे 'झाकणकाका' म्हणायचे. लग्नानंतर वर्षभरात मीही म्हणायला लागलो, अर्थात बायको आसपास नसताना.

याचं मूळ एका दारात होतं. तरुणपणी ते दुसऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. मिठागरातून पोती भरायची आणि घाटाच्या रस्त्याने पलीकडच्या गोदामात टाकायची. मीठ आणि लोखंड यांचं हाडवैर. एकदा गोदामापाशी ते उतरायला गेले आणि गाडीचं दार बिजागरीसकट हातात आलं. गंजून बिजागरीचा भुगा झाला होता. मालक म्हणाला, "मोडलंस तू, बघ तूच." मग हा गृहस्थ ते दार डोक्यावर घेऊन घरी आला. नवंनवं लग्न झालेलं. सासूबाई अजून हसून सांगतात, "कडी वाजली म्हणून मी दार उघडलं, तर बाहेर दुसरं दार उभं!" सासरे मात्र त्यावर कधी हसले नाहीत. त्यांच्या मनात त्या दिवसापासून गंजाची जी धास्ती बसली ती बसलीच.

पुढे त्यांनी स्वतःची गाडी घेतली. अजस्र वगैरे नव्हे; आखूड, सहा चाकांची, मिठाच्या पोत्यांपुरता हौदा असलेली. गाडी चालली तर घर चाले, दुसरं काही साधन नव्हतं. मूल एकच, ते म्हणजे माझी बायको; पण लाडात पहिला नंबर गाडीचा होता, हे ती अजूनही ऐकवते. वर्षातून एकदा, कोरड्या हवेत, गाडी आठवडाभर उभी करून ते तिच्याखाली जात. तळ धुवायचा, तारेच्या ब्रशने घासायचा, वाळवायचा आणि इंजिनातून काढलेलं जळकं ऑइल फासायचं. त्या आठवड्यात घरातला साबण दोन दिवस पुरत नसे.

मी या घरात आलो तेव्हा शाळेच्या मुलांची व्हॅन चालवत होतो. त्याच वर्षी सासरे भरल्या हौद्यावरून पाय घसरून पडले. डाव्या गुडघ्याची वाटी फुटली आणि पाय कायमचा आखडला. क्लच दाबता येईना. शेवटी गाडीची किल्ली त्यांनी माझ्या हातात ठेवली. मुलगी देताना हा माणूस हसत होता, लग्नाच्या फोटोत पुरावा आहे. किल्ली देताना मात्र तोंड असं केलं की मलाच चोरट्यासारखं झालं. म्हणाले, "जावईबापू, वरची गाडी तुमची. खालची माझी. तिथे ढवळाढवळ नको."

"मामा, मला वरचीच झेपली तरी पुष्कळ," मी म्हटलं. मला काय, आयतंच हवं होतं. गाडीखाली सरपटायची हौस कुणाला?

शेडमध्ये गाडीखाली काम करायला सिमेंटचा खड्डा होता, त्याला उतरायला पायऱ्या. आखडलेला पाय घेऊन ते त्यात कसे उतरत हे बघण्यासारखं होतं. वरच्या पायरीवर बसायचं, दोन्ही हातांनी पाय उचलून खालच्या पायरीवर ठेवायचा, मग उरलेले स्वतः त्याच्यामागून. "आधी पाहुण्याला पाठवायचं," म्हणायचे, "तो पोचला की आपण." मी हात पुढे केला तर हातावर ब्रश बसायचा. घरात त्यांना दिवसभर सगळे 'बसा हो, बसा' म्हणत. भाजी आणायला निघाले की बसा, बल्ब बदलायला गेले की बसा. खड्ड्यात कुणी बसा म्हणायला नव्हतं. तिथून ते बाहेर येत तेव्हा काळेठिक्कर झालेले असत आणि जेवताना दुसऱ्यांदा वाढून घेत.

मी गाडी घेतल्यावर दोन-तीन वर्षांनी त्यांच्या डोक्यात आलं की जळकं ऑइल पुरेसं नाही, ते धुऊन जातं. बाजारात गाडीच्या तळाला मारायचे नाना प्रकार आले होते. ते दुकानात गेले, तासभर डबे उलटेपालटे केले आणि हात हलवत परत आले. "दुकानदार प्रत्येक डब्याला एक नंबर म्हणतो. आपल्या ताकाला आंबट कोण म्हणेल?" मग म्हणाले, "आपण परीक्षा घेऊ."

परीक्षा म्हणजे काय, ते दुसऱ्या दिवशी मोरीत गेल्यावर कळलं. पाच बादल्यांत मिठाचं पाणी. प्रत्येकीवर आडवी काठी आणि काठीला तारेने लटकवलेली पत्र्याची पट्टी. एक पट्टी उघडी, एक जळक्या ऑइलची, एक डांबराची, एक मेणासारखा पातळ, तेलकट लेप लावलेली आणि एक रबराच्या जाड लेपाची. सकाळी पट्ट्या बाहेर काढून वाळवायच्या, संध्याकाळी पुन्हा बुडवायच्या. "गाडी काय मिठात मुरत नसते," ते मला समजावत, "भिजते, वाळते, भिजते, वाळते. गंज त्या येण्याजाण्यात धरतो."

"माणसांना एक तरी बादली ठेवा!" सासूबाई ओरडायच्या. "का आम्हीपण वाळू, भिजू, वाळू?"

एका सकाळी मी झोपेतच मोरीत शिरलो आणि हाताला लागली त्या बादलीतून तांब्या भरून डोक्यावर ओतला. डोळ्यांत तिखट गेल्यासारखी आग. मी बोंब मारली. सासरे लंगडत धावत आले. मला वाटलं, जावयाची काळजी. तर दारातून विचारतात काय, "कुठल्या पट्टीची बादली?"

"मामा, माझे डोळे!"

"डोळे धुतले की येतात परत. पाणी किती उरलंय ते सांगा."

असे महिने गेले. शेवटी निकाल लागला. उघडी पट्टी बोटाने तुटली. ऑइलच्या पट्टीला तांबडे ठिपके. डांबराला भेगा. मेणाची बरी होती, पण कडेला मळकट झाली होती. रबराची मात्र जशीच्या तशी. सासऱ्यांनी सुरीने लेप सोलला तर आतला पत्रा लख्ख. तो त्यांनी माझ्या नाकाला लावला. "दिसतंय का तोंड? बघा, दाढी करून घ्या!" पुढचे चार दिवस ती पट्टी त्यांच्या खिशात होती, आणि गल्लीत ती न पाहिलेला माणूस उरला नाही.

मग रबराचे डबे आले. त्यांनी तळ धुतला, घासला आणि घरातला पंखा नेऊन दोन दिवस खड्ड्यात लावून ठेवला. आम्ही घामाघूम, गाडी वाऱ्यात. ब्रेकच्या नळ्या, सायलेन्सर, फिरणारे भाग कागदात गुंडाळून ठेवले, कारण तिथे लेप चालत नाही. आणि एवढं सगळं झाल्यावर त्यांना ती भोकं दिसली.

आमच्या गाडीची चॅसी, म्हणजे जिच्यावर सगळा डोलारा उभा असतो ती चौकट, पोकळ दांड्यांची आहे. चौकोनी नळीसारखे दोन लांब दांडे आणि त्यांना जोडणारे आडवे. त्या दांड्यांना खालच्या अंगाला ठरावीक अंतरावर बोटाएवढी भोकं होती. इतकी वर्षं ऑइल फासताना त्यांनी ती पाहिली नसतील असं नाही. पण ऑइल पातळ, भोकातून आत गेलं काय, बाहेर आलं काय. आता जाड लेप द्यायचा म्हटल्यावर ती डोळ्यांत सलायला लागली. त्यांनी मला खाली बोलावलं. "बघा ही कंपनीची कामं! एवढी मोठी गाडी बनवली आणि भोकं बुजवायला विसरले!"

झाकणकाकांना भोक दिसलं, म्हणजे मांजराला उंदीर दिसला. घरातल्या जुन्या चपला नाहीशा व्हायला लागल्या. चपलेच्या तळव्याचे ते गोल तुकडे कापत, सुरीने तासत, काचपेपरने घासत आणि प्रत्येक भोकाला त्याचं त्याचं बूच लाकडी हातोडीने ठोकत. वर रबराचा लेप, एकावर एक. सासूबाईंची एक चांगली चपलही त्यात गेली; दुसरीचं काय करायचं म्हणून तीही गेली. शेवटच्या दिवशी त्यांनी मला खड्ड्यात उभं केलं, हातात दिवा दिला. "शोधा. एक तरी भोक शोधून दाखवा."

मी शोधलं, नाही सापडलं. काळाकुळकुळीत तळ, कुठे जोड दिसेना. "मामा, गाडी उलटी करून चालवली पाहिजे," मी म्हटलं, "म्हणजे लोकांना तुमचं काम दिसेल." त्यावर ते इतके हसले की त्यांना खोकला लागला. मी खोटी स्तुती करत नव्हतो. घाटात गाडी घातली की मला खरंच निर्धास्त वाटायचं, की खालचं कुणीतरी डोळ्यांत तेल घालून बघितलंय.

तीन वर्षं अशी गेली. दर वर्षी ते खाली उतरत, फडक्याने तळ पुसत, हातोडीने इथेतिथे ठोकून बघत. लेपाला फोड नाही, चीर नाही. एवढं करून वर येत, पण वर येताना तो पहिल्यासारखा आनंद दिसत नसे. कामच उरलं नव्हतं ना.

आणि मग एका दुपारी घाटाच्या उतारावर, पूर्ण भरलेल्या गाडीत, मला मागून लाकूड मोडल्यासारखा आवाज आला. लाकूड कुठलं? पुढच्या क्षणी हौदा उजवीकडे बसला. मागच्या स्प्रिंगचा पाटा जिथे चॅसीला धरलेला असतो, तिथला दांडाच फाटला होता. हौदा चाकावर टेकला, टायर जळायला लागला, स्टिअरिंग माझं ऐकेना. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला काय होतं ते मी पाहिलंच नाही. रस्ता दुरुस्तीसाठी कुणीतरी खडीचा ढीग टाकून ठेवला होता, त्यात गाडी घुसली आणि थांबली. ज्याने तो ढीग तिथे आळशीपणाने ठेवला त्याचं भलं होवो. कपाळाला खोक पडली, एवढ्यावर निभावलं. पोती फुटून रस्ता पांढरा झाला होता.

मी घरी फोन केला. सासरे वेल्डरच्या टेम्पोत बसून आले. आमचा वेल्डर म्हणजे शेडच्या शेजारचाच, लोक त्याला 'ठिणगी' म्हणतात; स्वभाव मात्र थंडगार. सासरे टेम्पो थांबायच्या आत उतरले आणि पडता पडता वाचले. इतक्या वर्षांत या माणसाने मला 'तुम्ही' आणि 'जावईबापू' सोडून हाक मारली नव्हती. माझं डोकं दोन्ही हातांत धरून म्हणाले, "लागलं का रे तुला? बघू. बघू दे मला." बोटं बर्फासारखी गार होती.

गाडी ओढून शेडमध्ये आणली. ठिणगीने खड्ड्यात उतरून लेपावर स्क्रू-ड्रायव्हर टेकवला आणि नुसता दाबला. स्क्रू-ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. बाहेरून रबर तसंच, काळं, गुळगुळीत. आत लोखंड नावाला. मग त्याने दांड्याच्या सर्वांत खालच्या जागी ड्रिल लावलं, आणि पाणी यायला लागलं. तांबडं, दाट पाणी. थांबेचना. खाली ठेवलेलं घमेलं भरलं, दुसरं लावलं. आम्ही तिघे बघत उभे. एवढं पाणी घेऊन मी तीन वर्षं घाट चढत-उतरत होतो.

सासऱ्यांनी धारेत बोट धरलं आणि जिभेला लावलं. "खारट," म्हणाले.

ठिणगी हळूच म्हणाला, "मामा, ही भोकं विसरलेली नसतात, मुद्दाम ठेवलेली असतात. आत आलेलं पाणी जायला."

"पण आत आलं कुठून? मी सगळं बंद केलं होतं."

"हौद्यातलं खारं पाणी बोल्टांच्या कडेने झिरपतं. आत यायला पाण्याला निमित्त पुरतं, मामा. बाहेर पडायला मात्र भोक लागतं."

सासरे म्हणाले, "पट्टीला काहीच झालं नव्हतं." मग त्यांचं त्यांनाच उमगलं असावं. "पट्टीला पोट नसतं," ते म्हणाले. "सपाट पत्रा होता तो. मी सपाट पत्र्याची परीक्षा घेतली आणि लेप लावला पोकळ दांड्याला."

आणि माझी तळपायाची आग मस्तकात गेली. कपाळ ठणकत होतं, पुढ्यात ते पाणी. मी शेडमध्ये, शेजारपाजारचे ऐकत असताना, ओरडलो, "चपला ठोकल्यात तुम्ही! माझ्याखाली चपला ठोकल्यात! आज मी कड्याखाली असतो म्हणजे?" बोललो ते बोललो. मला त्याचा पश्चात्ताप नाही. मरता मरता वाचलेल्या माणसाने ओरडायचं नाही तर कुणी? सासऱ्यांनी घमेलं उचललं, लंगडत बाहेर नेलं, ओतलं आणि दुसरं न्यायला परत आले.

घरी बायकोने माझं कपाळ पाहिलं, गाडीचं ऐकलं आणि वडिलांसमोर जाऊन उभी राहिली. "बाबा, बास झालं. यापुढे गाडीखाली जायचं नाही. मला तुम्हीपण हवेत आणि हेपण. बसा आता घरात." ती ओरडली नाही, म्हणून जास्त लागलं. ते "बरं" म्हणाले.

ठिणगीने सांगितलं, मागचा निम्मा सांगाडा कापून नवे दांडे जोडावे लागतील, दोन महिने तरी जातील. ते दोन महिने मी दुसऱ्याच्या गाडीवर बदली ड्रायव्हर म्हणून जात होतो. आणि घरात म्हातारा बसला होता. खरंच बसला होता. कामाचे कपडे त्यांनी स्वतःच फाडून त्यांची फडकी केली. जेवणात लक्ष नाही. एक दिवस सासूबाईंनी मला दाराआड ओढलं. "अहो, यांनी खिडक्यांतल्या सुरळ्या काढल्या." मी जाऊन पाहिलं. सगळ्या फटी मोकळ्या. डाळीच्या डब्यावरचं फडकंही काढलेलं. जन्मभर ज्या माणसाच्या झाकणांना सासूबाई वैतागल्या होत्या, त्या आता म्हणत होत्या, "मला नाही बरं वाटत हे. त्यांना परत लावायला सांगा काहीतरी." आणि पदराने डोळे पुसत होत्या. मला काय करावं सुचेना. जीव माझा जाता जाता राहिला होता, पण घरातून गेल्यासारखे ते दिसत होते.

नवे दांडे जोडून झाले. आता उघड्या लोखंडाला काहीतरी लावल्याशिवाय मीठ भरणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. मी गाडी हमरस्त्यावरच्या गॅरेजात नेली. तिथला माणूस कानाला फोन लावून आला, तळाकडे न बघता फवाऱ्याची नळी ओढली. मी विचारलं, "धुणार नाही?" म्हणाला, "कशाला? काळ्याखाली सगळं जातं." वेल्डिंगची राख, चिखल, सगळं तसंच. "भोकांचं काय?" म्हटलं, तर म्हणाला, "कुठली भोकं?" माझं डोकं फिरलं. मी त्याला काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. गाडी होती तशी परत आणली.

घरी येऊन हात धुवायला मोरीत गेलो, तर कोपऱ्यात बादली. तीत लोखंडी नळीचे वीतभर तुकडे उभे केलेले. काहींची दोन्ही तोंडं बंद आणि वर सुईएवढं छिद्र. काहींना खालच्या बाजूला भोकं. एक नळी करवतीने उभी चिरलेली, पुस्तकासारखी उघडून ठेवली होती. आतून तेलकट थर जोडाच्या खोबणीत खोलवर उतरला होता आणि लोखंड स्वच्छ होतं. मला तसं वाकलेलं बघून सासरे दारात थबकले. चोरी पकडल्यासारखे म्हणाले, "उगीच. वेळ जात नव्हता."

"कुठला हा?"

"तो मेणाचा. पातळ. पट्टीवर दुसरा आला होता. हा सरकतो. फटीत स्वतःहून शिरतो. भोकातून लांब नळीने आत फवारायचा, आणि भोकं उघडीच ठेवायची. गॅरेजवाल्याला सांगा. मी त्याला समजावून देतो हवं तर."

"गॅरेजवाला गेला खड्ड्यात," मी म्हटलं. "मामा, तुम्ही चला."

"नको. माझ्या हाताने नको. हाताला यश नाही माझ्या."

"मग कुणाच्या हाताला आहे? फोन धरलेल्या हाताला? तुम्ही चुकलात, पण नळी चिरून बघणारा दुसरा माणूस मला दाखवा. मी त्याच्याकडे जातो."

हे सगळं बायको ऐकत होती. ती आत आली आणि मला म्हणाली, "बाबांना जायचं तर जाऊ दे. मी कोण अडवणारी? पण उद्या त्या गाडीत बसणार तुम्ही एकटेच ना!" आणि तिचा आवाज फाटला. सासऱ्यांनी तिच्याकडे बघून मान हलवली, जणू एखाद्या हिशेबात राहिलेलं त्यांना सापडलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते खड्ड्यात उतरले. या वेळी माझा हात धरून उतरले. तळ धुतला, वाळवला. लांब नळीने प्रत्येक दांड्याच्या पोटात लेप फवारला, आतून तो भोकांतून ठिबकायला लागेपर्यंत. बाहेरून हाताने लावला. काम संपल्यावर प्रत्येक भोकातून तार घालून फिरवली, आणि तार माझ्या हातात दिली. "आता तू बघ. माझ्यावर विसंबू नकोस." मी एकूणएक भोक बघितलं, आणि ते माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले. शेवटची तार बाहेर आली तेव्हा ते भिंतीला टेकून बसले.

सोमवारी सकाळी मी मीठ भरायला निघालो. गाडीचं डावं दार उघडलं तर आत सासरे. धुतलेला सदरा, मांडीवर डबा. चढले कसे ते त्यांनाच ठाऊक.

"मामा, हे काय?"

"खालचं लोखंड मी रंगवलंय. वर तू एकटा बसायचा नाहीस." पुढे बघतच बोलत होते. "काही झालं तर दोघांना होईल. तिलाही तेच म्हणायचं होतं. चल, उशीर होतो."

मी बायकोकडे पाहिलं. ती गॅलरीत उभी होती. नको म्हणाली नाही. आत वळली आणि पुन्हा बाहेर येऊन उभी राहिली.

गाडी भरली. घाटाचा उतार लागला तेव्हा त्यांनी एका हाताने वरची दांडी धरली होती, आणि आखडलेला पाय ब्रेक दाबल्यासारखा रोवला होता. खडी पडली होती ते वळण आलं. मी सगळ्यांत खालच्या गिअरवर होतो, कान मागे. काही नाही. पोती, इंजिन आणि म्हाताऱ्याचा श्वास, एवढाच आवाज. खाली सपाटीला लागल्यावर ते म्हणाले, "चांगला चालवतोस." गाडी माझ्या हाती येऊन इतकी वर्षं झाली, पण माझं चालवणं त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं होतं.

मला वाटलं, झालं, एक फेरी मारली, मन निवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गाडीत. तिसऱ्या दिवशी पुन्हा. आठवडा गेला तरी तेच. लोक विचारायला लागले, "काय, सासऱ्यांना क्लीनर ठेवलं काय?" मी एका दुपारी गोदामापाशी चहा पिताना विचारलं, "मामा, असे किती दिवस येणार?"

"हा लेप किती टिकेल?"

"तुम्हीच सांगा. दर वर्षी वरून हात मारला तर दहा-बारा वर्षं तरी लोखंडाला काही होणार नाही, असं तुम्हीच म्हणता."

"मग तेवढे दिवस."

"अहो, वय काय तुमचं!"

"वयाचं मी बघतो. तू समोर बघ."

ते सहा वर्षं आले. रोज. ताप असला तर मफलर गुंडाळून आले. दर वर्षी खड्ड्यात उतरून लेप द्यायचे, तार फिरवायचे, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या शेजारी बसायचे. मग एका थंडीत छाती भरली आणि आठवड्यात आटोपलं.

गाडी अजून मीच चालवतो. लेप मी देतो, तार मी फिरवतो, लोखंड ठणठणीत आहे. दहा-बारा वर्षं म्हणाले होते म्हातारबुवा, आणि निम्म्यावर उतरून गेले. उतार लागला की मला त्यांचा भयंकर राग येतो. मी तो मोठमोठ्याने बोलून दाखवतो, गाडीत एकटाच असतो म्हणून.